शेवटचें पान

पत्त्यांच्या जुगाराविषयीं ह्या पानावर लिहावें कीं न लिहावें, ह्याचा विचार आम्ही दोन महिने करीत होतों. आमचे जुने वाचक म्हणतील, मास्तरांना म्हातारपणीं हें काय सुचलें! परंतु ज्या कारणानें आम्हांला हा खेळ शिकावा लागला, तें कारण आमच्या एकट्याच्या घरापुरतें नसावें, अशी आमची समजूत आहे. आणि जी गोष्ट मोबाइलच्या पडद्याआडून घरोघरीं शिरली, तिच्याविषयीं माजघरांत बोलावयाचें नाहीं, असा सोंवळेपणा पाळून कोणाचें हित झालेलें आम्हीं पाहिलेलें नाहीं.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू पुण्यास नोकरीस असतो. मुलगा हुशार, गणितांत तर लहानपणापासून तरबेज. दोन वर्षें तो रात्रीं जेवण झाल्यावर मोबाइलवर पोकर नांवाचा पत्त्यांचा खेळ पैसे लावून खेळत होता, हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. कळलें तेव्हां धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठीं त्याच्या स्वाधीन केलेल्या रकमेंतून अडीच लाख रुपये गेलेले होते. २०२५ सालच्या ऑगस्टांत पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेनें संमत केला. त्याच्या थोडी आधींची ही गोष्ट. वडिलांनीं त्याच्याशीं बोलणें टाकलें. आई रडली. आमच्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आजीनें, त्याला पोटभर जेवूं घातलें आणि आमच्या खोलींत पाठविलें. सारी उमर मुलांच्या वह्या तपासण्यांत गेल्यामुळें, चूक नेमकी कोठें झाली तें पाहिल्यावांचून शिक्षा सांगणें आम्हांला जमत नाहीं. आम्हीं त्याला म्हटलें, "बाळ, तूं हरलास हें कळलें. कसा हरलास तें लिहून आण."

"आजोबा, नशीबच वाईट होतें," तो खालीं मान घालून म्हणाला.

"नशिबाचें आपण मागाहून पाहूं. आधीं वही."

खेळलेल्या डावांची नोंद त्याच्या संगणकांत होतीच. तिच्यावरून मोठ्या नुकसानीचे चाळीस डाव त्यानें दोनशेपानी वहींत स्वतःच्या अक्षरानें उतरून आणिले. ती वही वाचतां यावी म्हणून आम्ही ह्या वयांत पोकर शिकलों.

ज्यांना तीन पत्ती ठाऊक आहे त्यांना हा खेळ समजण्यास अडचण पडूं नये. पोकर हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत, न्यू ऑर्लिअन्स शहरीं आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींत, वाढला. सध्यां त्याचा जो प्रकार सर्वत्र खेळतात तो टेक्सस राज्यांतला. रॉब्सटाउन हें त्याचें जन्मस्थान, असें त्या राज्याच्या विधिमंडळानें २००७ सालीं ठराव करून मान्य केलें. प्रत्येकास दोन पानें झांकलेलीं मिळतात. मग मध्यें सर्वांच्या मालकीचीं पांच पानें उघडीं पडतात. प्रथम तीन एकदम, नंतर चौथें, नंतर पांचवें. ह्या सातांतून उत्तम पांच निवडावयाचीं, आणि ज्याचीं श्रेष्ठ त्याची मधली रास. उघडीं पानें पडण्यापूर्वीं एकदां आणि पुढें प्रत्येक टप्प्यानंतर एकदां, अशी चार वेळां पैज लागते. समोरच्यानें लावलेली पैज झेलावी, वाढवावी, किंवा पानें टाकून डाव सोडावा. ह्या पांचव्या पानाला तिकडे रिव्हर, म्हणजे नदी, असें म्हणतात.

ह्या नदीपाशीं आलें कीं खेळाचें रूप पालटतें. त्यापूर्वीं पैज लावणाऱ्याजवळ आज कांहीं नसलें तरी पुढच्या पानाची आशा असते. पांचवें पान पडलें कीं ती आशा संपली. हातांत जें आहे तें आहे, आणि जें नाहीं तें आतां कधींच येणार नाहीं. म्हणून तेथें पैज लावण्याचीं कारणें दोनच उरतात. आपल्याहून हलकीं पानें असलेल्यानें ती झेलावी, हें एक. आणि आपल्याहून भारी पानें असलेल्यानें भिऊन तीं टाकावीं, हें दुसरें. पहिली खरी पैज. दुसरीला पोकरवाले ब्लफ म्हणतात, आपल्या भाषेंत त्याला हूल देणें असा नेमका शब्द आहे. तिसरें कारण नाहीं. ज्याच्या पैजेनें ह्या दोहोंपैकीं एकही गोष्ट साधत नसेल त्यानें चकत्या हातांतच ठेवाव्या.

ह्याचें प्रसिद्ध उदाहरण २००३ सालच्या जागतिक स्पर्धेंतलें आहे. ही स्पर्धा १९७० सालीं लास व्हेगस येथील हॉर्सशू नांवाच्या जुगारगृहांत सुरू झाली आणि त्या वर्षींही तेथेंच होती. प्रवेशाची वर्गणी दहा हजार डॉलर, खेळाडू ८३९. त्यांत टेनेसी राज्यांतला क्रिस मनीमेकर नांवाचा एक हिशेबनीस होता. (आडनांवाचा अर्थ 'पैसे करणारा' असा होतो, तें त्याचें खरेंच आडनांव आहे, आम्हीं पदरचें घातलेलें नाहीं.) शंभर डॉलरांच्या आंतली वर्गणी भरून ऑनलाइन पात्रता-स्पर्धेंतून तो आलेला. एकेक गडी बाद होतां होतां शेवटीं त्याच्यासमोर सॅमी फराह हा मुरलेला धंदेवाईक खेळाडू तेवढा उरला.

त्या दोघांतला एक डाव असा. फराहजवळ इस्पिकची राणी व बदामची नव्वी. मनीमेकरजवळ इस्पिकचा राजा व बदामची सत्ती. मध्यें इस्पिकची नव्वी, इस्पिकची छक्की आणि चौकटची दुर्री. चौथें पान इस्पिकची अठ्ठी. फराहची नव्व्यांची जोडी झाली होती, मनीमेकरजवळ जोडीही नव्हती. परंतु आणखी एक इस्पिक पडतें तर त्याचीं पांच इस्पिकें होत होतीं. दश्शी किंवा पंजी पडती तर ओळीनें पांच पानें होत होतीं. राजा पडता तर राजांची जोडी नव्व्यांच्या वर चढत होती. दिसणारीं आठ पानें वगळून उरलेल्या ४४ पानांपैकीं त्याला जिंकविणारीं पानें आम्हीं मोजून पाहिलीं, तीं १७ भरतात. तेव्हां चौथ्या पानावर त्यानें फराहची पैज झेलून ती वाढविली, ती निव्वळ हूल नव्हे. पांच वेळांत जवळजवळ दोनदां खरें ठरणारें तें धाडस होतें.

पांचवें पान बदामची तिर्री पडली. सतराचें शून्य झालें. फराहनें पैज न लावतां खेळी पुढें सोडली, आणि मनीमेकरनें होत्या नव्हत्या तेवढ्या सर्व चकत्या मध्यें लोटल्या. फराह बराच वेळ विचार करीत बसला. मनीमेकरचा इस्पिकांचा बेत फसला असावा, हा संशयसुद्धां त्यानें बोलून दाखविला. आणि मग त्यानें पानें टाकलीं. जिंकणारीं पानें त्याच्या हातांत होतीं! मनीमेकरला पुढें पहिलें बक्षीस पंचवीस लाख डॉलर मिळालें, आणि हा साधा हिशेबनीस जिंकतो तर आपण कां नाहीं, असें वाटून जगभरचे लोक ऑनलाइन पोकर खेळूं लागले.

आमच्या नातवानें हा प्रसंग पडद्यावर किती वेळां पाहिला असेल, कोण जाणे. त्यावरून त्यानें मनाशीं एक निश्चय केला होता: आपण फराहसारखें फसावयाचें नाहीं. वहींतल्या चाळीस डावांपैकीं बहुतेकांच्या मुळाशीं आम्हांला तोच निश्चय सांपडला. मधल्या चार पानांपर्यंत मुलगा शहाण्यासारखा खेळे. पांचव्या पानावर समोरच्यानें मोठी पैज लावली कीं ह्याच्या मनांत एकच गोष्ट येई, हा मला हूल देतो आहे. आणि एका जोडीवर तो पैज झेली. समोर दोन जोड्या, तीन सारखीं पानें, एका रंगाचीं पांच पानें उघडलीं जात, आणि हा नशिबाला बोल लावी.

आतां थोडें अंकगणित करूं; सातवींतल्या मुलालाही तें येईल. मध्यें १०० चकत्या आहेत आणि समोरच्यानें १०० लावल्या. झेलणाऱ्यास १०० घालून २०० मिळवावयाच्या आहेत. म्हणजे तीन वेळांत एकदां तो बरोबर ठरला तर त्याची फिटंफाट होते. समोरच्यानें ५० च लावल्या तर ५० घालून १५० मिळावयाच्या. मग चारांत एकदां बरोबर ठरलें तरी पुरतें. इतकें आमच्या नातवाला ठाऊक होतें. पण हाच हिशेब पैज लावणाऱ्याच्या बाजूनेंही मांडावा लागतो, तो त्यानें कधीं मांडला नव्हता. राशीएवढी पैज लावणाऱ्यानें तिनांत दोन पैजा खऱ्या आणि एक हूल, असें प्रमाण राखलें कीं समोरच्यानें झेललें काय आणि टाकलें काय, त्याचा लाभ सारखाच. हुलींचें प्रमाण वाढलें तर तो सगळ्याच पैजा झेलील. हूल मुळींच दिली नाहीं तर तो सगळ्याच टाकील, आणि आपल्या खऱ्या मालाला गिऱ्हाईक उरणार नाहीं.

आणि हूल देणाऱ्याचें काय? १०० मिळविण्यासाठीं तो १०० घालतो. दोनांत एकदां समोरच्यानें पानें टाकलीं कीं त्याचें भागलें. त्याला फुकटचा नफा होऊं द्यावयाचा नसेल तर समोरच्यानें आपल्या पानांपैकीं वरच्या निम्म्यांनीं पैज झेलावी आणि खालचीं निम्मीं टाकावीं. ह्याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. उत्तम खेळणारा मनुष्यसुद्धां कित्येकदां जिंकणारीं पानें टाकून देतो, आणि तें त्याला आधींपासून ठाऊक असतें. कधींमधीं फसणें हें त्याच्या हिशेबांत धरलेलेंच आहे. मुळींच न फसण्याचा निश्चय ज्यानें केला त्यानें समोरच्याच्या प्रत्येक खऱ्या पैजेचें मोल भरण्याचा करार केला. फराहचें त्या दिवशीं चुकलें खरें. पण तशी चूक ज्याच्या हातून कधींच होत नाहीं, त्याचा खिसा लवकर रिकामा होतो.

हें आम्हीं त्याला समजाविलें तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "आजोबा, पैसे गेल्याचें इतकें वाटत नसे. पण पानें टाकल्यावर समोरचा मनांत हंसत असेल, ह्याची झोंप लागत नसे." हें ऐकून आम्हांला राग आला नाहीं. वर्गांत कोणीं खोडी काढली तें कळल्यावांचून तास पुढें न नेणारे मास्तर आम्हीं पाहिले आहेत. कांहीं वर्षें आम्ही स्वतःच तसे होतों.

वहींत दुसरी एक चूक होती, ती निराळ्या जातीची. मधल्या दर्जाचीं पानें हातांत असतां मुलगा शेवटीं स्वतःच पैज लावी. कां, तर 'आपण कोठें उभे आहों तें कळावें' म्हणून! आतां अशा पैजेचें काय होतें पाहा. हलकीं पानें असलेला ती झेलीत नाहीं, भारी पानें असलेला टाकीत नाहीं. झेलतो तो नेमका आपल्याला हरविणारा. तीच पानें मुकाट्यानें उघडलीं असतीं तर हलक्या पानांच्या माणसाकडून मधली रास पैज न लावतांच मिळाली असती.

ह्याची शास्त्रीय मीमांसा जॉन फॉन नॉयमन ह्या विख्यात गणितज्ञानें केली आहे. हा १९०३ सालीं बुडापेस्ट येथें जन्मलेला. खेळांच्या उपपत्तीवरचा त्याचा जर्मन निबंध १९२८ सालचा; पुढें अमेरिकेंत ऑस्कर मॉर्गेनस्टर्न ह्या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्यानें १९४४ सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पोकरचें एक साधें रूप घेऊन हुलीचें गणित मांडलें आहे. त्याचा निष्कर्ष आम्हांला प्रथम उलटाच वाटला. आमची समजूत अशी कीं, हूल द्यावयाची तर अगदींच रिकाम्या हातानें देऊं नये, थोडें कांहीं तरी पदरीं असावें. गणित म्हणतें तसें नव्हे. मोठी पैज उत्तम पानांवर लावावी आणि अगदीं टाकाऊ पानांवर लावावी. मधल्यांवर लावूं नये. मधल्या पानांना उघडून जिंकण्याची संधी आहे, ती हुलींत कां दवडावी? टाकाऊ पानांजवळ गमविण्यासारखें कांहींच नसतें. त्या ग्रंथांत हुलीचें प्रयोजनही दुहेरी सांगितलें आहे: एखादे वेळीं हलक्या पानांवर रास मिळावी हें तर खरेंच, पण आपल्या भारी पानांवरच्या पैजेविषयीं समोरच्यास संशय राहावा, हेंही तितकेंच महत्त्वाचें. आणि हूल केव्हां द्यावी ह्यांत ठराविकपणा येऊं नये, म्हणून कित्येक खेळाडू मनगटावरच्या घड्याळांतला सेकंदकांटा कोठें आहे तें पाहून ठरवितात!

संस्कृत शिकलेल्यास येथें नलोपाख्यान आठवल्यावांचून राहत नाहीं. ऋतुपर्ण राजानें रथांत बसल्या बसल्या बेहड्याच्या झाडाचीं पानें आणि फळें मोजून सांगितलीं, आणि नलानें आपली अश्वविद्या त्याला देऊन त्याच्याकडून अक्षहृदय घेतलें. बेहड्याच्याच फळांचे त्या काळीं फांसे करीत. गणना हें द्यूताचें मर्म आहे, ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. नलाच्या ती हातीं आली ती मात्र राज्य गेल्यावर. असो.

कोणी म्हणेल, एवढें गणित मुलाला शिकविलेंत तर तो पुन्हां खेळावयास बसेल. ही भीति आम्हांलाही होती. म्हणून आम्हीं त्याला दोन गोष्टी आणखी दाखविल्या. २०१५ सालीं कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाच्या मंडळींनीं ह्या खेळाचा एक मर्यादित प्रकार, दोन खेळाडूंचा आणि ठराविक रकमांच्या पैजांचा, संगणकाकडून जवळजवळ पूर्णपणें सोडवून घेतला. २०१७ च्या जानेवारींत पिट्सबर्ग येथें लिब्राटस नांवाच्या संगणकानें, पैजेला वरची मर्यादा नसलेल्या प्रकारांत, चार नाणावलेल्या खेळाडूंविरुद्ध वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून सतरा लाख डॉलरांहून अधिक किमतीच्या चकत्या जिंकल्या. राशीच्या कितीतरी पट पैज तो बेधडक लावी, आणि ती खरी कीं हूल तें त्या चौघांना उमगत नसे. तेव्हां पडद्यापलीकडे माणूस आहे कीं यंत्र, हें ज्याला दिसत नाहीं त्यानें आपल्या हुशारीचा भरंवसा किती धरावा? दुसरी गोष्ट अधिक साधी. खेळ चालविणारा प्रत्येक मोठ्या राशींतून आपला वांटा कापून घेतो. सारख्या बुद्धीचे दोघे रात्रभर खेळले तर सकाळीं दोघेही हरलेले असतात. वहींतल्या चाळीस डावांतून कापला गेलेला वांटा आम्हीं त्याला बेरीज करावयास लाविला. ती बेरीज त्यानें पेन्सिलीनें दोनदां केली, आणि वही मिटून ठेविली. बहिणीचे पैसे तो आतां दरमहा पगारांतून परत करीत आहे.

पण शेवटच्या पानावर त्याचा हात थरथरतो तो नुसत्या बेरजेनें थांबेल, असें आम्हांला वाटेना. म्हणून गेल्या पावसाळ्यांत शनिवारीं तो घरीं आला कीं संध्याकाळीं आम्ही चिंचोक्यांवर खेळूं लागलों. आमच्या वहिनींची उमर झब्बू आणि मेंढीकोट खेळण्यांत गेली. त्यांना हा खेळ दोन शनिवारांत आला. मुलाचे वडील झोंपाळ्यावर वर्तमानपत्र धरून बसत. खेळाकडे पाहत नसत, मुलाशीं बोलत नसत.

अशाच एका संध्याकाळीं मध्यें बदामचा एक्का, किलवरची दश्शी, इस्पिकची सत्ती, चौकटची तिर्री अशीं पानें पडलेलीं होतीं. पांचवें पान राणी निघालें. आम्हीं पानें केव्हांच टाकलीं होतीं. राशींत चाळीस चिंचोके होते. वहिनींनीं आपले चाळीस मोजून मध्यें सारले आणि जपाची माळ हातांत घेतली. मुलाजवळ दश्शींची जोडी होती. त्याच्या शेजारीं बसल्यामुळें ती आम्हांला दिसत होती. तो ओंठांतल्या ओंठांत हिशेब करूं लागला. तिनांत एकदां बरोबर ठरलें पाहिजे. आजी तर हूल फार क्वचित् देते. हात चिंचोक्यांवर गेला, परत आला, पुन्हां गेला.

"आजी, खरें सांग, एक्का आहे का?"

"चाळीस घाल, म्हणजे दाखवितें."

त्यानें पानें टाकलीं. वहिनींनीं आपलीं दोन पानें उलटीं ठेवूनच पत्त्यांच्या जोडांत घातलीं, जोड पिसला, आणि आमटी उतूं जाईल म्हणून त्या आंत गेल्या. मुलगा त्या जोडाकडे पाहत राहिला. त्यानें हात पुढें केला नाहीं.

"एक्का होता तिच्याजवळ," झोंपाळ्यावरून आवाज आला. वर्तमानपत्र जागचें हललें नव्हतें.

"तुम्हीं पाहिलात, बाबा?"

"पाहिला नाहीं. मला वाटतें."

जवळजवळ तीन महिन्यांनीं बापलेकांत झालेलें हें पहिलें बोलणें. आम्ही चिंचोके डब्यांत भरण्याचें निमित्त करून खालींच पाहत राहिलों.